गोदामांचे खड्डे फुटले : सांगलीतल्या एका शोधलेखाचं प्रकरण

एप्रिलमधली दुपार होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी इंग्रजी लेखाची प्रिंट घेऊन माझ्या टेबलापाशी आली. मुलगी हरिपूरची, आणि तिचा प्रकल्प हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवर होता. लेखातल्या एका वाक्याखाली तिनं पेन्सिलीनं रेघ मारली होती.

"मॅडम, इथं लिहिलंय की पूर ओसरल्यावर गोदामांचे खड्डे फुटले. म्हणजे काय? माझे आजोबा पेवात उतरायचे. त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, गोदामाला कुठं खड्डा असतो होय?"

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग मनातल्या मनात त्याचं मराठी केलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. हे वाक्य मी आधी वाचलेलं होतं. मराठीत ते असं होतं : "पूर ओसरल्यावर परिसरात गोदामांचं पेव फुटलं." अगदी साधा मराठी वाक्प्रचार, आणि पेवांवरच्याच लेखनात आल्यामुळे लक्षात राहिलेला. भाषांतर करणाऱ्या यंत्राला तो वाक्प्रचार कळला नव्हता, आणि यंत्राचं भाषांतर आपल्या नावावर छापणाऱ्यानं ते पुन्हा वाचलं नव्हतं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. लेखाखाली नाव होतं ते आमच्याच महाविद्यालयातल्या एका सहायक प्राध्यापकांचं. मूळ मराठी वाक्य आमच्याच ग्रंथालयातल्या, काळ्या रेक्झिनची बांधणी असलेल्या एका एम.फिल.च्या लघुप्रबंधातलं होतं. तो लघुप्रबंध सरांना कपाटातून काढून मीच दिला होता. आपल्याकडचं जुनं काम कुणीतरी वाचतंय याचा मला तेव्हा आनंद झाला होता.

प्रकरण आता संपलं आहे. ज्यांचं काम उचललं गेलं त्या बाईंची आणि या विद्यार्थिनीची परवानगी घेऊन मी ते लिहिते आहे. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

मूळ काम

हरिपूर सांगलीला लागून आहे, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथल्या जमिनीत हळद साठवायची पेवं होती. तोंड अरुंद, पोट मोठं, आतून शेणानं सारवलेलं. तोंड मातीनं बंद केलं की आत हवा खेळत नाही, त्यामुळे कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. काही तास ते उघडं ठेवायचं, कंदील खाली सोडून पाहायचा, ज्योत विझली नाही तरच हमाल उतरणार. सांगलीच्या बाजारपेठेचं नाव हळदीमुळे देशभर झालं आणि 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावामागे या पेवांचा आणि त्यांत उतरणाऱ्या माणसांचा मोठा वाटा आहे. 2005 च्या पुरात पाणी पेवांत शिरलं, हळद कुजली, आणि त्यानंतर व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला.

बाईंनी 2007-08 मध्ये यावर सर्वेक्षण केलं. तेव्हा त्या तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. तास संपले की हरिपूर गाठायचं, पेवांचे मालक, व्यापारी, हमाल यांना भेटायचं, आणि रात्री वही उतरवून काढायची. जुने हमाल परक्या तरुण मुलीशी मोकळं बोलेनात, म्हणून त्यांनी आईला बरोबर न्यायला सुरुवात केली. आई ओट्यावर घरातल्या बायकांशी बोलत बसायच्या आणि तेवढ्यात इकडे मुलाखत व्हायची. अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात बाईंनी हे प्रांजळपणे नोंदवलं आहे : "काही मुलाखतींच्या वेळी संशोधकासोबत आई उपस्थित होती."

लघुप्रबंध 2009 मध्ये सादर झाला. तो छापला कधीच गेला नाही. एक प्रत विद्यापीठात, एक मार्गदर्शकांकडे, एक आमच्याकडे. पुढे बाईंना महाविद्यालयात कायम जागा मिळाली नाही. त्या जत तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका झाल्या.

तीन खुणा

इंग्रजी लेख 2020 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्या संध्याकाळी ग्रंथालय बंद झाल्यावर मी लेख आणि लघुप्रबंध शेजारी ठेवून बसले. पहिली खूण विद्यार्थिनीनंच शोधून दिली होती. दुसरी खूण अभ्यासपद्धतीच्या परिच्छेदात निघाली. मराठीत "संशोधकासोबत आई" असं लिहिलं तर संशोधक बाई की पुरुष हे कळत नाही. इंग्रजीत मात्र कुणाची आई ते सांगावंच लागतं. यंत्रानं बाकीच्या मजकुराच्या अंदाजानं लिहून टाकलं होतं : संशोधकासोबत "तिची" आई उपस्थित होती. लेखक पुरुष, लेखाला सहलेखिका नाही, आणि संशोधक मात्र "ती".

तिसरी खूण सर्वांत गंभीर, आणि सांगलीच्या माणसाला ती पहिल्या वाचनातच खटकावी. सर्वेक्षण नोव्हेंबर-डिसेंबर 2019 मध्ये केलं, असं लेखात म्हटलं होतं. आणि अख्ख्या लेखात ऑगस्ट 2019 च्या महापुराचा उल्लेखच नव्हता. "अलीकडचा मोठा पूर" म्हणून 2005 चाच दाखला होता. 2019 मध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं होतं. धोक्याची पातळी तिथं 45 फूट आहे. त्यानंतर तीन महिन्यांनी हरिपुरात जाऊन माणसांना हळदीबद्दल, नुकसानीबद्दल विचारलं आणि एकानंही त्या पुराचं नाव काढलं नाही, हे कसं शक्य आहे? भिंतींवरच्या पाण्याच्या खुणासुद्धा पुसल्या नव्हत्या.

म्हणजे सर वाक्यं उचलून थांबले नव्हते. न केलेलं सर्वेक्षण केलं म्हणून सांगितलं होतं आणि अकरा-बारा वर्षांपूर्वीची माहिती ताजी म्हणून छापली होती. तक्त्यातले हमालीचे दर 2008 चे होते, त्यांवर शीर्षक 2019 चं. उद्या कुणी हमालांच्या मजुरीवर अभ्यास करताना हे आकडे प्रमाण मानले, तर या माणसांची मिळकत त्या काळात वाढलीच नाही असा निष्कर्ष निघेल. चोरी बाईंची झाली होती, पण खोटी साक्ष हमालांच्या नावानं दिली गेली होती. माझ्या दृष्टीनं या प्रकरणातली ही सर्वांत वाईट गोष्ट.

आठ टक्के

मी विभागप्रमुखांना लेखी कळवलं. सरांना बोलावलं गेलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पुढं केला तो सॉफ्टवेअरचा अहवाल. साम्य : 8 टक्के.

हा अहवाल खोटा नव्हता. असं सॉफ्टवेअर आपल्या साठ्यातल्या मजकुराशी शब्दांच्या ओळी जुळवून पाहतं. बाईंचा लघुप्रबंध त्या साठ्यात नव्हताच. विद्यापीठांचे प्रबंध ऑनलाइन ठेवणाऱ्या शोधगंगेसारख्या संग्रहात प्रामुख्यानं पीएच.डी.चे प्रबंध असतात, जुने एम.फिल.चे लघुप्रबंध बहुतेक कपाटांतच राहिले. 2009 च्या मराठी टंकलेखनाची आणखी एक अडचण आहे. तेव्हा बरंचसं काम युनिकोडमध्ये नव्हे, डीटीपीच्या फाँटमध्ये व्हायचं. ती फाइल आज उघडली तर देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात, शोध घेणाऱ्या यंत्राला तर त्यातलं काहीच वाचता येत नाही. त्यात मजकूर मराठीतून इंग्रजीत गेलेला. एकही शब्द जुळणार नव्हता. जे 8 टक्के जुळले ते हळदीबद्दलच्या सर्वसाधारण माहितीचे होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम इथं नीट वाचावे लागतात. त्यांत शिक्षेचे स्तर साम्याच्या टक्केवारीवर बांधलेले आहेत. 10 टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असेल तर लेख मागे घ्यायला सांगतात. 40 ते 60 मध्ये लेख मागे, शिवाय एक वार्षिक वेतनवाढ नाही आणि दोन वर्षं नव्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करता येत नाही. 60 च्या वर गेलं तर सलग दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं मार्गदर्शन बंद. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांसाठी वेगळी उतरंड आहे : सहा महिन्यांच्या आत सुधारून देणं, एक वर्ष सादर करण्यास मनाई, आणि 60 च्या वर नोंदणीच रद्द. पदवी मिळाल्यानंतर चोरी सिद्ध झाली तर पदवी ठरावीक काळासाठी स्थगित ठेवता येते.

सरांचं म्हणणं होतं की 8 टक्के म्हणजे नियमानं आपण निर्दोष. पण याच नियमांत वाङ्मयचौर्याची व्याख्याही आहे : दुसऱ्याचं काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून पुढे करणं. त्या व्याख्येत सॉफ्टवेअर नाही आणि भाषाही नाही. टक्के हे मोजमापाचं साधन, गुन्ह्याची व्याख्या नव्हे, एवढं साधं मी समितीपुढे मांडलं.

नियमाप्रमाणे विभागाच्या समितीत विभागप्रमुख, विभागाबाहेरचे एक ज्येष्ठ अध्यापक आणि अशा सॉफ्टवेअरची माहिती असलेली एक व्यक्ती असते. ती तिसरी व्यक्ती एरवी मीच असते. पण तक्रार माझी होती, म्हणून मी बसणार नाही असं प्राचार्यांना कळवलं. माझ्या जागी संगणक विभागातले एक जण आले. मी फक्त तुलनेचा तक्ता करून दिला. समितीला 45 दिवसांत अहवाल संस्थेच्या समितीकडे द्यायचा असतो, तो 40 व्या दिवशी गेला.

तक्ता करायला मला अकरा रात्री लागल्या. डावीकडे मराठी परिच्छेद, उजवीकडे इंग्रजी, मध्ये जुळणारा आशय. लेखात 41 परिच्छेद होते. त्यांपैकी 24 लघुप्रबंधातून क्रमानं आले होते, उदाहरणं तीच, मुलाखतींतली वाक्यं तीच. म्हणजे साडेअठ्ठावन्न टक्के. चार तक्त्यांपैकी तीन आकड्यांसकट तेच. ते धरले तर 45 पैकी 27, बरोबर 60. "60 च्या वर" की "60 पर्यंत" यावर एक अख्खी बैठक गेली. शेवटी दुसरा, म्हणजे 40 ते 60 चा स्तर मानला गेला. एका तक्त्यावरून माणसाची दुसरी वेतनवाढ वाचली. मला तो निर्णय सौम्य वाटला. पण आकड्यावर बांधलेला नियम आकड्यावरच थांबतो, हेही मान्य केलं.

न केलेल्या सर्वेक्षणाचं काय? हे नियम वाङ्मयचौर्यापुरते आहेत. समितीनं अहवालात स्वतंत्र परिच्छेद लिहून ती बाब संस्थेकडे सोपवली. संस्थेनं लेखी समज दिली.

पाश्चात्त्य देशांतलं एक उदाहरण या काळात मला आठवत राहिलं. जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांची डॉक्टरेट 2011 मध्ये बायरॉइट विद्यापीठानं काढून घेतली आणि पुढच्या काही दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. त्यांचा प्रबंध पान पान तपासून उचललेले उतारे दाखवणारी माणसंच होती, इंटरनेटवर एकत्र जमलेले साधे वाचक. आमच्याकडे ते काम तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं आणि पेवात उतरलेल्या तिच्या आजोबांनी केलं.

बाईंचा फोन

बाईंना कळवणं माझ्याकडे आलं. त्यांचा नंबर जुन्या नोंदवहीत होता. मी सगळं सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, त्यात आईचंबी आलंय का हो?"

मी "तिची आई" ते वाक्य वाचून दाखवलं.

"माझी आई त्यांच्यासोबत कधी गेली?" एवढंच त्या बोलल्या. आईंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

नंतरच्या एका फोनवर जे कळलं ते मला अजून टोचतं. लेख छापून आल्यानंतर वर्षभरानं बाईंनी आपल्या लघुप्रबंधावरून एक मराठी लेख तयार केला होता. बारा वर्षं राहून गेलेलं काम, शाळा सांभाळून केलेलं. एका त्रैमासिकाकडे पाठवला. संपादकांनी परत केला आणि कळवलं की याच स्वरूपाचं, जवळपास तेच आकडे असलेलं सर्वेक्षण इंग्रजीत आधीच आलं आहे, आपण संदर्भ दिलेला नाही. बाईंना काही समजेना. इंग्रजी लेख त्यांनी पाहिला नव्हता. आपलंच काही चुकलं असेल असं समजून त्यांनी तो विषय कायमचा बंद केला आणि कुणाला सांगितलंही नाही. स्वतःच्या कामाची चोर म्हणून त्या वर्षभर मान खाली घालून वावरल्या.

कॉपीराइट कायद्यानं त्यांना अधिकार होते. 1957 च्या कायद्याप्रमाणे साहित्यकृतीचं भाषांतर करण्याचा हक्क हक्कधारकाचा असतो, आणि कलम 57 नुसार आपण लेखक असल्याचा दावा लेखकाला हक्क विकल्यानंतरसुद्धा करता येतो. एका वकील मैत्रिणीकडून मी माहिती घेऊन त्यांना दिली. त्यांनी न्यायालयात जायचं नाही असं ठरवलं. "शाळेला सुट्ट्या किती टाकू?" म्हणाल्या. त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या : लेख मागे घेतल्याची छापील सूचना, आणि त्या त्रैमासिकाच्या संपादकांना महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी पत्र. पत्र मीच लिहिलं, प्राचार्यांनी सही केली. संपादकांनी बाईंची लेखी क्षमा मागितली आणि लेख पुन्हा मागवला.

सर

सरांबद्दल लिहिताना मला हात आखडता घ्यावासा वाटतो, पण टाळणं बरोबर नाही. नऊ वर्षं त्यांनी तासिका तत्त्वावर काढली. कायम झाले तेव्हा वय वाढलेलं, आणि पुढच्या पदोन्नतीसाठी प्रसिद्ध लेख मोजले जाणार. वर्गात ते चांगलं शिकवायचे, मुलं आवडीनं बसायची. समितीपुढे पहिल्या दिवशी ते म्हणाले, "पेवं गावाची आहेत, माहिती गावाची आहे, ती काय एकट्या बाईंची मालमत्ता आहे का?" दुसऱ्या बैठकीत म्हणाले, मराठीत धूळ खात पडलेलं काम मी जगापुढे नेलं. तिसऱ्या बैठकीत, तक्ता पाहिल्यावर, ते काही बोलले नाहीत. महापुराचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी डोळे पुसले.

जगापुढे नेलं, हे त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलं, कारण त्यात खरंच एक चांगली शक्यता होती. "2007-08 मध्ये अमुक यांनी केलेल्या अप्रकाशित सर्वेक्षणावर हा लेख आधारित आहे. पुढील तक्ते त्यांच्या लघुप्रबंधातून, त्यांच्या परवानगीनं घेतले आहेत. 2019 च्या पुरानंतरच्या बदलांची पाहणी प्रस्तुत लेखकानं केली आहे." या तीन वाक्यांनी तो लेख प्रामाणिक झाला असता, बाई आनंदानं सहलेखिका झाल्या असत्या, आणि दोन पुरांच्या मधल्या हरिपूरची तुलना ही नवी, मोलाची गोष्ट मराठी-इंग्रजी दोन्हीत आली असती. त्यासाठी सरांना सायकलवरून हरिपूरला जायचं होतं, एवढंच.

पदोन्नतीचा अर्ज परत आला. वेतनवाढ गेली. त्यांच्याकडे नोंदणी करायच्या बेतात असलेल्या दोघांना दुसरे मार्गदर्शक शोधावे लागले. त्यातल्या एकाचं त्यात अख्खं सत्र गेलं, आणि त्याची तर काहीच चूक नव्हती. पैशात मोजता येणारं नुकसान एवढं. वर्गात काय झालं ते सरांनीच मला नंतर सांगितलं. एका मुलानं इंटरनेटवरून उतरवलेला स्वाध्याय दिला. सरांनी तो परत करायला हात पुढे केला, मुलानं नुसतं वर पाहिलं, आणि सरांनी तो स्वाध्याय ठेवून घेतला. "मला त्याला बोलता येईना," ते म्हणाले. त्या वर्षी त्यांनी अंतर्गत मूल्यमापनाचं काम दुसऱ्यांकडे द्यायची विनंती केली.

ग्रंथालयात

मी आमच्याकडचे सगळे मराठी लघुप्रबंध स्कॅन करायला घेतले. मशीननं ओळखलेला मजकूर फार चुकतो, जोडाक्षरं तर हमखास, म्हणून दोन विद्यार्थी बसून शीर्षक, गोषवारा आणि तक्ते हातानं युनिकोडमध्ये टाइप करतात. निदान एवढं तरी शोधात सापडावं. प्रकल्पांसाठी आता मूळ क्षेत्रवही दाखवावी लागते, आणि तोंडी परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असतो : या माणसाला भेटलात तेव्हा काय झालं ते सांगा. एआयनं शब्द बदलून दिलेला मजकूर सॉफ्टवेअरला चुकवू शकतो. पण ओट्यावर बसलेला माणूस काय म्हणाला हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगता येत नाही.

त्या मुलीचा प्रकल्प पूर्ण झाला. तिनं बाईंना जतला जाऊन भेट दिली आणि बाईंनी तिला वह्या दाखवल्या. 2008 च्या एका पानावर तिच्या आजोबांची मुलाखत होती. तिनं तिची झेरॉक्स आजोबांसाठी घरी नेली.

नियतकालिकानं लेख मागे घेतल्याची सूचना आपल्या संकेतस्थळावर टाकली, बाईंच्या नावासह. लेखाची पीडीएफ मात्र आणखी तीन ठिकाणी तशीच आहे, "तिच्या" आईसकट. दोन लेखांनी ती संदर्भ म्हणून वापरली आहे, त्यातल्या एकात हमालीचे दर 2019 चे म्हणून घेतले आहेत. दोन्ही लेखकांना मी लिहिलं. एकानं लगेच दुरुस्ती पाठवली. दुसऱ्यांना, दरांचं ज्यांनी घेतलं त्यांना, मी दर महिन्याला पुन्हा लिहिते, तक्त्याची प्रत जोडून.